पत्र कोणास आणि कोणाविषयी?

परदेशी मिशनऱ्यांनी आपल्या मायदेशी धाडलेल्या पत्रांविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात दोन मते रूढ आहेत. एका पक्षाच्या मते ही पत्रे म्हणजे निव्वळ कांगावा. हिंदुस्थानची होईल तितकी नालस्ती करावी आणि स्कॉटलंड-अमेरिकेतील भाविकांच्या थैल्या सैल कराव्या, यापलीकडे त्यांचा हेतू नव्हता, असे हा पक्ष सांगतो. दुसऱ्या पक्षास तीच पत्रे वेदवाक्यासारखी वाटतात. मिशनरी आला तेव्हा येथे काळोख होता व त्याने दिवा लावला, असे पत्रात लिहिले आहे. तेव्हा तसेच घडले असले पाहिजे, असा त्याचा सरळ हिशेब. ही दोन्ही मते सारखीच आळशी आहेत, कारण दोन्ही पक्षांचे पत्रे वाचण्याचे श्रम वाचतात.

आम्हांस या पत्रांविषयी निराळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. जो मनुष्य दुसऱ्याच्या पैशावर शाळा चालवितो, त्यास त्या पैशाचा जाब द्यावा लागतो. जाब द्यावयाचा म्हणजे विद्यार्थ्याविषयी लिहावे लागते. मग त्या लिखाणात विद्यार्थ्याची जागा कोणती? ज्याच्या नावाने पैसा मागितला त्याने तो कागद वाचला, तर त्यास मान वर करून वाचता येईल काय? हा प्रश्न केवळ जुन्या मिशनांचा नाही. तो आजच्या आपल्या संस्थांचा आहे, आणि त्यास आपण जे उत्तर देत आहो ते लाजिरवाणे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु प्रथम जुनी गोष्ट नीट पाहू.

ही पत्रे मुळात निर्माण का झाली? १७९२ साली इंग्लंडातील केटरिंग गावी काही बॅप्टिस्ट उपदेशकांनी परदेशी धर्मप्रसाराची मंडळी स्थापिली, तेव्हा जमलेल्या वर्गणीची आकडेमोड १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स इतकी झाली. त्या मंडळीने दुसऱ्याच वर्षी बंगालकडे पाठविलेला विल्यम कॅरे हा पूर्वी जोडे शिवणारा. या उद्योगामागे राजाचा खजिना नव्हता. छोटे दुकानदार, कारागीर, विधवा, रविवारच्या शाळेतील मुले यांच्या लहानलहान वर्गण्यांवर तो चालावयाचा होता. राजास वर्षातून एक खलिता पुरतो. हजार वर्गणीदारांस मात्र दर महिन्यास काही ऐकावयास लागते. म्हणून या मंडळ्यांची मासिके निघाली. अमेरिकन बोर्डाचे ‘मिशनरी हेरल्ड’ हे मासिक मुंबई-अहमदनगरच्या बातम्या न्यू इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत पोहोचवीत असे. १८१३ साली मुंबईस उतरलेल्या गॉर्डन हॉल याने सॅम्युअल न्यूएल याच्या साह्याने जे पुस्तक लिहिले व जे १८१८ साली छापले गेले, त्यात जगातील ६० कोटी लोकांच्या वतीने स्वदेशीय ख्रिस्ती मंडळींकडे मागणे मांडलेले आहे. साठ कोटी हा आकडा वाचकाने ध्यानात ठेवावा. साठ कोटींचे नाव घेतले की त्यांतील एकाही माणसाचे तोंड दिसत नाही. आणि वर्गणीदारास तर तोंड पहावयाचे असते. मोठा आकडा आणि एखादे करुण तोंड, या दोहोंच्या जोडीवरच पुढील सगळे अहवालशास्त्र उभे आहे.

आता मुंबईतील एक जोडपे घेऊ. जॉन विल्सन व त्यांची पत्नी मार्गारेट यांचा विवाह १८२८ साली झाला, आणि १८२९ च्या फेब्रुवारीत ती दोघे मुंबईस उतरली. आरंभीचे काही महिने त्यांनी बाणकोट-हर्णैच्या बाजूस राहून मराठीचा अभ्यास केला. मुंबईस परत येताच मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढण्यास प्रारंभ केला. अमेरिकन मिशनने त्यापूर्वीच, १८२४ साली, मुंबईस मुलींची शाळा घातली होती. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका त्याच कामासाठी अमेरिकेहून आली होती. तरी पण त्या काळी मुलगी शाळेत आणणे म्हणजे काय होते, याची आज कल्पना करणे कठीण आहे. घरोघर जाऊन आयांची मनधरणी करावयाची. आज पंधरा मुली आल्या तर उद्या एखाद्या अफवेने तीनच यावयाच्या. एखादी अक्षरे जुळवू लागते न लागते तोच तिचे लग्न ठरावयाचे. या मिशन-शाळांतून शिकविणारे पंतोजी बहुधा हिंदूच असत, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी बाई परभाषा बोलणारी. त्यातच स्वतःची बाळंतपणे, आजार, मुलांचे मृत्यू. १९ एप्रिल १८३५ रोजी मार्गारेटबाई मुंबईस वारल्या. हिंदुस्थानात त्यांस पुरती साडेसहा वर्षेही मिळाली नाहीत. तेवढ्यात त्यांनी पेरलेल्या कामातून मुंबईची सेंट कोलंबा शाळा वाढली. विल्सन कॉलेजही आपला वंश १८३२ सालच्या शाळेपर्यंत नेऊन भिडविते.

हे सर्व आपणांस कशावरून कळते? मुख्यत्वे त्यांच्याच पत्रांवरून. जॉन विल्सन यांनी १८३० साली ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे मासिक काढले, आणि पत्नी निवर्तल्यावर १८३८ साली तिचे एक जाडजूड चरित्र एडिंबरोस छापविले. त्यात तिची पत्रे व रोजनिशीतील उतारे विपुल आहेत. एक गोष्ट येथे नमूद करणे न्यायाचे होईल. मिशन-मंडळ्यांच्या हिशेबात नेमणूक व वेतन पतीच्या नावे असे. पत्नी ही ‘मिसेस’. काम दोघांचे, नाव एकाचे. हिंदू घराच्या माजघरात पतीचा प्रवेश नव्हता, पत्नीचा होता; म्हणून मुलींच्या शाळेचा सारा भार तिच्यावर. ज्या पत्रांस आपण आज प्रचार म्हणून नाक मुरडतो ती नसती, तर तिच्या श्रमांचा मागमूसही राहिला नसता. आणि ज्या निनावी मुलींनी मुंबईत प्रथम पाटी धरली, त्या होत्या हेसुद्धा आपणांस फारसे कळले नसते.

येथे पहिल्या पक्षास आमचे उत्तर आहे. या पत्रांत एक शिस्त आहे व ती दुर्मिळ आहे. किती मुली पटावर, किती हजर, कोणती शाळा का मोडली, पंतोजीस काय दिले, हे लिहून धाडलेच पाहिजे, असा तो दंडक होता. ज्याने वर्षाकाठी एक शिलिंग दिला त्यासही विचारण्याचा हक्क आहे, ही भावना त्याच्या मुळाशी होती. दान दिले की देणाऱ्याचा संबंध संपला, घेणाऱ्याने आशीर्वाद द्यावा आणि हिशेब परमेश्वराने पहावा, या आपल्या जुन्या रीतीत पुण्य असेल, पण सार्वजनिक संस्था त्या रीतीने चालत नाही. हिशेब देण्याचा हा धडा आपण मिशनऱ्यांपासून शिकलो, हे कबूल करण्यात कमीपणा कसला?

परंतु दुसऱ्या पक्षाने एवढ्यावर खूष होऊ नये. याच पत्रांत एक दोष आहे, आणि तो लिहिणाऱ्याच्या स्वभावात नसून पत्राच्या घडणीतच आहे. पत्र ज्यास लिहिले तो एडिंबरोस बसलेला. ज्या मुलीविषयी लिहिले ती गिरगावातील. दोघांची गाठ जन्मात पडावयाची नाही. ती मुलगी, तिची आई, तिचा बाप यांपैकी कोणीही ते पत्र वाचणार नाही, हे लिहिणाऱ्यास पक्के ठाऊक. मग तिचे घर जरा अधिक अंधारे लिहिले तर कोण खोडून काढणार? शिवाय लिहिणाऱ्यापुढे मोठा पेच असे. मुलगी मुळातच हुशार, घर मुळातच सुसंस्कृत, असे लिहावे तर वर्गणीदार म्हणणार, मग आमची गरज काय? काहीच सुधारणा नाही असे लिहावे तर तो म्हणणार, मग पैसे वाया का घालवावे? म्हणून काल मिट्ट काळोख, आज किंचित तांबडे फुटलेले आणि उद्यासाठी तेल संपत आलेले, असा एक ठरीव साचा तयार झाला. लिहिणारा प्रामाणिक असला तरी तो साचा त्याची लेखणी धरून चालवीत असे. मार्गारेटबाईंनी या देशावर प्रेम केले, येथेच देह ठेविला, याविषयी आम्हांस शंका नाही. पण प्रेम करणाऱ्याच्या हातूनही प्रेमविषयाची अवहेलना होऊ शकते, आणि साच्यात लिहिताना ती बहुधा होतेच.

या घडणीतील खोट पुढे चार वर्षांतच उघडी पडली. १८३९ च्या मे महिन्यात विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. मुंबईत एकच गहजब झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. पालकांनी भराभर मुले काढून नेली आणि भरलेली शाळा ओस पडली. स्कॉटलंडात मात्र हीच वार्ता कित्येक वर्षांच्या श्रमांचे फळ म्हणून वाचली गेली. एकच घटना. तिकडच्या वाचकास ती सुवार्ता, इकडच्या बापास ती घरावरील दरोड्यासारखी. त्या तरुणांस आपला धर्म निवडण्याचा अधिकार होता, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण ज्या बापाने मुलगा इंग्रजी शिकावा म्हणून धाडला, त्यास शाळेने स्वतःविषयी जे सांगितले आणि वर्गणीदारास जे सांगितले, ते एकच होते काय? एक नव्हते, म्हणूनच त्यास फसवणूक झाल्यासारखे वाटले.

पन्नास वर्षांनी हाच खेळ पुन्हा झाला, आणि या वेळी त्याची झळ एका थोर महाराष्ट्रीय स्त्रीस लागली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पैसा बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा. विद्यार्थिनी उच्चवर्णीय हिंदू, विशेषतः विधवा. आणि कोणासही धर्म शिकवावयाचा नाही, असे अभिवचन. थोड्याच महिन्यांत अमेरिकेतील एका ख्रिस्ती साप्ताहिकात सदनातील मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे असल्याचा मजकूर आला. तो कोणी धाडला, त्यात तथ्य किती, हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. महत्त्वाची गोष्ट ही की आगबोटी वेगवान झाल्या होत्या, इंग्रजी वाचणारे पुण्या-मुंबईस पुष्कळ झाले होते, आणि दूरच्या वाचकासाठी लिहिलेला मजकूर आता घरच्या वाचकाच्या हाती पडू लागला होता. ‘केसरी’ने गिल्ला केला, १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले, अनेक मुली काढून नेल्या गेल्या. एका वाचकासाठी एक भाषा व दुसऱ्यासाठी दुसरी, हे ज्या काळी चालून जात असे तो काळ संपला होता.

येथे कोणी विचारील की, मग दुःख झाकून ठेवावे की काय? विधवेचे हाल, अस्पृश्याचे हाल लिहूच नयेत काय? सनातन्यांचा हा आवडता बचाव आहे, आणि आमच्या प्रतिपादनाचा त्यांनी तसा उपयोग करू नये म्हणून उत्तर स्पष्ट देतो. १८५५ साली मिशनऱ्यांच्याच ‘ज्ञानोदय’ पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापला गेला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शाळांचे जे काम चालविले होते त्यातील मुक्ता या मांग जातीच्या मुलीने तो लिहिला होता. कोणत्याही मिशनऱ्याच्या पत्राहून तो निबंध अधिक जळजळीत आहे. पण त्यात दया मागितलेली नाही. जाब विचारलेला आहे. तो मराठीत आहे, म्हणजे ज्यांना जाब विचारावयाचा त्यांच्याच भाषेत आहे. दुःख तेच, छापणारे पत्र मिशनरी, पण लेखणी विद्यार्थिनीच्या हातात, आणि तेवढ्याने सारा अर्थ पालटला. दुःख सांगू नये असे आम्ही म्हणत नाही. ते कोण सांगतो, कोणासमोर सांगतो, आणि ज्याचे दुःख त्यास ते ऐकता येते की नाही, हे पहावे, असे आमचे म्हणणे आहे.

हिशेबाचा गुण घ्यावा आणि काळोखाचा साचा टाकावा, हे अशक्य नाही. आपल्याकडे ते झालेले आहे. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिने १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. कर्वे सुटीत गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करीत. बायाबाईही घरोघर झोळी घेऊन फिरत. देणगी लहान असो की मोठी, तिचा हिशेब छापून द्यावयाचा, ही कर्व्यांची निष्ठा ख्यात आहे. मिशनरी जोडप्याचेच काम हे, पण एक मोठा फरक होता. कर्व्यांचा वर्गणीदार पुण्यात, साताऱ्यात, वऱ्हाडात राहणारा, मराठी वाचणारा. कित्येकदा त्याच्याच नात्यात एखादी विधवा बहीण किंवा भाची. असा मनुष्य अहवाल वाचणार म्हटल्यावर मुलीविषयी वेडेवाकडे लिहिण्याची सोय राहत नाही. आणि त्या विद्यार्थिनीने, बायाबाईंनी, पुढे ‘माझे पुराण’ हे आपले चरित्र आपणच सांगितले. ते १९४४ साली प्रसिद्ध झाले. संस्थेचा सर्वांत विश्वासार्ह अहवाल तो.

याहून पुढचे पाऊल भाऊराव पाटलांचे. रयत शिक्षण संस्था १९१९ साली निघाली. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने विकले. हेही जोडपेच. या संस्थेस शेतकऱ्याने मूठभर धान्य द्यावयाचे आणि त्याच शेतकऱ्याच्या मुलाने तेथे शिकावयाचे. दाता आणि पालक एकच झाल्यावर काळोख कोणापुढे रंगवावयाचा? दात्याचे डोळे ओले केल्याशिवाय पैसा मिळत नाही असे जे शहाणे सांगतात, त्यांनी या मुठीचा हिशेब एकदा मांडून पहावा.

आणि आता आजची स्थिती. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील नफ्याच्या कंपन्यांस सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावणे प्राप्त झाले. या पैशाने पुष्कळ शाळा उभ्या राहिल्या, हे चांगले झाले. परंतु दाता पुन्हा दूर गेला. तो आता एडिंबरोस नसून शहरातील एखाद्या उंच इमारतीत असतो, एवढेच. अहवाल पुन्हा परभाषेत लिहिला जाऊ लागला. आमच्या पाहण्यात एका संस्थेचे असे गुळगुळीत कागदाचे अहवाल-पुस्तक आले. मुखपृष्ठावर केस विस्कटलेल्या एका आदिवासी मुलीचा फोटो. आत तिचे नाव, गाव, बापाचे दारूचे व्यसन, आईचे आजारपण. आणि शेवटी या संस्थेने तिच्या आयुष्यात आणलेला प्रकाश. सारे इंग्रजीत. ती मुलगी मराठी शाळेत शिकते. आपल्या बापाचे व्यसन कोणत्या कागदावर छापून कोणाच्या मेजावर गेले, हे तिला ठाऊक नाही. उद्या ती इंग्रजी शिकेल, कारण तेच तर संस्थेचे ध्येय. आणि त्या दिवशी तिच्या हाती हे पुस्तक पडेल. तिला शिकविण्याचे सार्थक झाले म्हणावयाचे ते नेमके त्या दिवशी, आणि तोंड लपवावयाचे तेही त्याच दिवशी!

हे करणारे लोक दुष्ट नाहीत. बहुतेक जण थोड्या पगारात फार राबणारे आहेत. मार्गारेटबाईही दुष्ट नव्हत्या. पण त्यांच्या बाजूने एवढे तरी म्हणता येईल की त्या परक्या देशातून आल्या होत्या, त्यांची ही भाषा नव्हती, आणि त्यांच्या वाचकास मराठी कळत नव्हते. आपणांस यांपैकी कोणती सबब आहे? आपली भाषा, आपली मुले, आपलाच दाता. आणि साचा मात्र दोनशे वर्षांपूर्वीचा, परक्याने परक्यासाठी घडविलेला. मिशनऱ्यांवर टीका करण्यात आपल्या तीन-चार पिढ्या गेल्या. त्यांच्या हिशेबाची शिस्त उचलण्यात आपण कुचराई केली, पण त्यांचा काळोखाचा साचा मात्र जसाच्या तसा उचलला.

म्हणून आमची मागणी साधी आहे. विद्यार्थ्यांच्या नावाने पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपला वार्षिक अहवाल दात्याकडे धाडण्यापूर्वी शाळेच्या अंगणात, मुलांच्या आईबापांसमोर, त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा. जे वाक्य तेथे वाचताना जीभ अडखळेल, ते खोडावे. आकडे सगळे ठेवावे. गळती झाली असेल तर तीही सांगावी. पैसे कोठे गेले ते पैपर्यंत लिहावे. एखाद्या मुलीस आपले दुःख सांगावयाचे असेल तर तिने ते स्वतः लिहावे व खाली आपली सही करावी. आणि दात्यांसही आमचे सांगणे आहे की, तुम्ही अश्रू मागणे सोडा, हिशेब मागा. अश्रूंची मागणी तुम्ही करता म्हणून तिकडे त्यांचा पुरवठा होतो.

दात्याकडे जाणाऱ्या प्रत्येक पत्रास आता दोन वाचक आहेत. पहिला वाचक पैसे देतो आणि विसरून जातो. दुसरा आज सातवीत आहे. तो वाचावयास शिकतो आहे, आणि शिकविणारे आपणच आहो.